लांबच्या प्रवासात कंबर धरते? आधी उश्या काढा, मग सीट बघा

प्रश्न: गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत माझं छोटं मशीन शॉप आहे. आठवड्यातून एकदा तरी स्वतः गाडी चालवत चाकणला जातो आणि बहुतेक वेळा त्याच दिवशी परत येतो. गाडी सहा वर्षांची छोटी हॅचबॅक, माझी उंची पाच फूट चार इंच. कराड मागं पडलं की कंबर धरते, खंबाटकी चढेपर्यंत उजवी मांडी बधिर होते आणि दुसऱ्या दिवशी माकडहाड दुखतं. जाड रेक्झिनची कव्हरं घातली, वर मेमरी फोमची उशी टाकली, कंबरेला एक आणि मानेला एक उशी घेतली, तरी फरक नाही. आता सीटचा फोमच बदलून घ्यावा की जेलची गादी घ्यावी?

उत्तर:

दोन्ही नको. निदान आत्ता तरी नको. तुम्ही जे चार थर सीटवर चढवलेत ते आधी उतरवा आणि गाडी कंपनीतून आली तेव्हा सीट जशी होती तशी करा. त्याशिवाय दुखणं सीटचं आहे, बसण्याच्या पद्धतीचं आहे की उश्यांचंच आहे हे कुणालाच सांगता येणार नाही.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात सीट-कुशनच्या कामात माझी उमेदीची वर्षं गेली. कार, ट्रकची केबिन, उसाचे ट्रॅक्टर, बुलेट, सगळं हाताखालून गेलं. आमच्याकडे येणारा जवळजवळ प्रत्येक माणूस एकच वाक्य बोलतो, "मिस्त्री, सीट जरा मऊ करून द्या." खरं सांगायचं तर लांबच्या प्रवासाला मऊ सीट फार क्वचित लागते. सोफ्यावर माणूस अर्धा तास बसतो, कूस बदलतो, पाय वर घेतो. गाडीत तुम्ही चार-पाच तास एकाच ठिकाणी असता, दोन्ही पाय पेडलवर, दोन्ही हात स्टिअरिंगवर. तिथं शरीराला आधार लागतो, म्हणजे वजन नीट वाटून घेणारी, कंबरेचा बाक जपणारी आणि हादरा गिळणारी बैठक लागते. मऊ फोममध्ये पार्श्वभाग आत रुततो, कंबर मागं गोल होते, आणि मग पाठीचे स्नायू सगळा रस्ताभर तुम्हाला सरळ धरून ठेवायची धडपड करतात. पहिला तासभर बरं वाटतं आणि कराडला कंबर धरते, ते यामुळंच.

तेव्हा क्रम असा ठेवा: आधी बसणं, मग सीटच्या आतला सांगाडा आणि फोम, आणि सगळ्यात शेवटी कव्हर. लोक पैसे नेमके उलट्या क्रमानं घालतात.

बसण्यापासून सुरुवात करू. मागच्या खिशातलं पाकीट काढून ठेवा, मोबाईलही. तुमची उजवीच मांडी बधिर होते म्हणता, तर पाकीट उजव्या खिशात असतं का ते आधी बघा. जाड पाकिटावर बसलं की कंबर एका बाजूला कलते आणि पार्श्वभागातून मांडीत उतरणाऱ्या नसेवर दाब येतो. असे कितीतरी जण मी बघितलेत, ज्यांना फोमला हात न लावता फक्त पाकीट डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवायला सांगून परत पाठवलं आणि त्यांचं काम झालं.

मग पार्श्वभाग पूर्ण मागं सरकवा, बॅकरेस्टला चिकटेपर्यंत. पुढं-मागं सीट अशी लावा की क्लच तळापर्यंत दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेलाच राहील आणि दाबताना कंबर जागची हलणार नाही. ज्या पायताणात गाडी चालवणार आहात तेच घालून हे करा. बुटाच्या टाचेनं आणि साध्या चपलेनं पायाची मोजमापं बदलतात.

बॅकरेस्ट अगदी काटकोनात नको आणि झोपलेलीही नको. बैठकीशी १०० ते ११० अंशांचा कोन बहुतेकांना मानवतो. स्वीडनमध्ये १९७० च्या दशकात मणक्यांमधल्या चकत्यांवरचा दाब प्रत्यक्ष मोजला गेला, तेव्हा दिसलं की पाठ थोडी मागं टेकली आणि कंबरेला आधार मिळाला की तो दाब कमी होतो. पण चालकाला फार मागं जाऊन चालत नाही, कारण मग मान पुढं काढावी लागते आणि हात ताणले जातात. याची चाचणी सोपी आहे. खांदे टेकलेले ठेवून हात सरळ पुढं करा, मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर पडलं पाहिजे. पडत असेल तर प्रत्यक्ष धरताना कोपर आपोआप थोडे वाकलेले राहतील. मात्र छाती आणि स्टिअरिंगच्या मध्यात निदान २५ सेंटिमीटर अंतर हवंच. एअरबॅग फुगायला तेवढी जागा लागते. बुटक्या माणसांना पेडलपर्यंत पोचायला पुढं सरकावं लागतं आणि हे अंतर कमी होतं, त्यांनी बॅकरेस्ट थोडी जास्त कलती करून ते राखावं.

आता उंची. ढुंगण गुडघ्यांच्या पातळीत किंवा किंचित वर असावं. छोट्या गाड्यांच्या साध्या मॉडेलमध्ये सीट वर-खाली करायची सोय नसते, आणि पाच फूट चार इंचाचा माणूस रस्ता दिसावा म्हणून खाली उशी घेतो. तुमचीही मेमरी फोमची उशी तिथूनच आली असावी असा माझा अंदाज आहे. गरज खरी आहे, उपाय चुकीचा आहे. त्यावर पुढं येतो.

हेडरेस्टकडे कुणी बघतच नाही. तिचा वरचा काठ डोक्याच्या वरच्या पातळीला हवा आणि डोक्याच्या मागं जितकी जवळ तितकी चांगली. ती आरामासाठी दिलेली नाही, मागून धडक बसली तर मान उलटी झटकू नये म्हणून आहे. तुम्ही कंबरेला जी उशी लावलीत ती किती जाड आहे? बाजारातल्या बऱ्याच उश्या चार-पाच इंच फुगलेल्या असतात. त्यांनी अख्खं धड पुढं ढकललं जातं, डोकं हेडरेस्टपासून लांब जातं, खांद्यांमागं पोकळी राहते. मानेची उशी तर हनुवटी छातीकडं ढकलते. चालवणाऱ्यानं मानेची उशी वापरूच नये, ती शेजारी झोपणाऱ्याला द्यावी.

कंबरेला आधार लागतो, पण थोडा. बसल्यावर दाबला गेल्यानंतर दोन ते चार सेंटिमीटर उरला तरी पुष्कळ. जागा पट्ट्याच्या किंचित वर, जिथं पाठीचा बाक सगळ्यात आत जातो तिथं. खाली माकडहाडामागं सरकला तर तो पार्श्वभागाला पुढं ढकलतो आणि सगळं उलटं होतं. नवी उशी आणण्यापूर्वी घरातला हातपुसण्याचा टॉवेल घट्ट गुंडाळून, दोन्ही टोकांना दोरी बांधून, एक खेप करून बघा. टॉवेलची गुंडाळी हवी तशी जाड-बारीक करता येते. पेठनाक्यापर्यंत गेलात की जागा आणि जाडी दोन्ही कळते. मग तेवढ्याच मापाचा फोम आम्ही कव्हरच्या आत बसवून देऊ शकतो, म्हणजे तो सरकतही नाही.

हे सगळं झालं की मधला आरसा लावा. दोन तासांनी त्याच आरशात मागची काच अर्धीच दिसायला लागली, तर आरसा हलवू नका. तुम्ही खाली घसरला आहात. पुन्हा मागं सरकून बसा.

आता सीटच्या आत जाऊ. कारच्या मूळ सीटचा फोम साच्यात ओतून बनवलेला असतो. मधला भाग थोडा नरम, दोन्ही कडांचे उंचवटे जास्त कडक, मांडीखालचा भाग वेगळ्या वळणाचा, हे सगळं एका तुकड्यात. हाताला तो कडक लागतो म्हणून गिऱ्हाईक म्हणतं बदला. मी शक्यतो तो बदलत नाही. आमच्याकडे फोम येतो तो सपाट शीटमध्ये, तो कितीही चांगला असला तरी कापून चिकटवून मूळ साच्याचं वळण पुरतं येत नाही. मूळ फोम शाबूत असेल तर तो ठेवावा आणि जिथं बसलाय तिथंच भर घालावी.

शिवाय "सीट बसली" म्हणून आलेल्या कितीतरी गाड्यांत फोम ठणठणीत असतो आणि दोष त्याच्या खाली असतो. बैठकीखाली नागमोडी स्प्रिंगा किंवा तारेची जाळी असते, ती चौकटीला हुकांनी अडकवलेली असते. एखादा हुक सुटतो, प्लास्टिकची क्लिप तुटते, स्प्रिंग एका बाजूला लोंबते, मग कंबर तिरकी होते आणि माणूस वर उश्या चढवत बसतो. तुमची गाडी सहा वर्षांची आहे. सीटखाली हात घालून, मोबाईलचा दिवा लावून, स्प्रिंगा एका पातळीत आहेत का बघा. मग सीटवर बसून मांडीखाली किंवा कडेला लोखंडी नळी टोचते का ते पाहा. टोचत असेल तर फोम किंवा स्प्रिंग कामातून गेली आहे. नसेल टोचत, तर फोमवर खर्च करायची घाई नको.

फोम बदलायचाच झाला तर एक गोष्ट समजून घ्या, कारण याच बाबतीत गिऱ्हाइकाची सर्रास फसगत होते. डेन्सिटी वेगळी आणि कडकपणा वेगळा. ४० डेन्सिटी म्हणजे एका घनमीटर फोमचं वजन ४० किलो. त्यावरून फोम किती टिकेल याचा अंदाज येतो, तो मऊ की कडक हे कळत नाही. ४० डेन्सिटीत मऊ फोमही येतो आणि कडकही. लांब चालणाऱ्या गाडीच्या बैठकीला ४० च्या खालचा फोम मी घालत नाही, ५० मिळाला तर उत्तम, आणि तोही एचआर, म्हणजे दाब काढल्यावर चटकन पूर्ववत होणारा. स्वस्तातला हलका फोम दुकानात हाताला छान लागतो आणि थोड्याच महिन्यांत पापड होतो.

तपासायचं कसं? त्याच फोमचा दहा सेंटिमीटर लांब, रुंद आणि उंच असा तुकडा मागा. त्याचं आकारमान बरोबर एक लिटर होतं. ४० डेन्सिटीचा असेल तर वजन ४० ग्रॅम भरलं पाहिजे. गुजरीत सोनाराची ओळख असेल तर त्याच्या काट्यावर ठेवा, नाहीतर घरच्या डिजिटल काट्यावरही कळतं. वजन वाढवायला काही फोममध्ये खडूसारखी पावडर मिसळलेली असते, म्हणून तुकडा बोटांनी चुरून बघा, पांढरी भुकटी पडली तर तो घेऊ नका. आणि मूठ दाबून सोडा, खळगा लगेच भरून आला पाहिजे.

थर लावायची माझी पद्धत सांगतो. सगळ्यात खाली, स्प्रिंगेला लागून, जाड कापड किंवा फेल्टचा थर, म्हणजे तार फोमला कापत नाही. त्यावर रिबॉन्ड फोमचा, म्हणजे फोमचे तुकडे चिकटवून दाबून केलेल्या फोमचा, पातळ पण घट्ट थर, हा वजन पसरवतो. मग एचआर फोम, जे काही काम करायचं ते तोच करतो. आणि अगदी वर अर्धा-पाऊण इंच नरम फोम, तेवढाच कातडीला मऊ लागण्यापुरता. मेमरी फोम घालायचाच असेल तर या वरच्या थरात, एक इंचापेक्षा जास्त नाही. हा फोम १९६६ साली अमेरिकेत नासाच्या कामातून, विमानातल्या बैठकांसाठी निघाला. त्याचा स्वभावच तापमानावर बदलण्याचा. थंडीत पहाटे गाडी काढली तर तो लाकडासारखा लागतो, एप्रिल-मेमध्ये उन्हात उभ्या केलेल्या गाडीत तो ढिला पडतो. शिवाय आत हवा खेळत नाही, घाम येतो. तीन-चार इंच जाडीची नुसती मेमरी फोमची उशी, जी तुमच्याकडे आहे, ती आपल्या हवेत चालकाच्या सीटला मी कधीच सुचवत नाही. तिच्यावर शरीर डुलत राहतं, आणि घाटात वळणावर तर जास्तच.

तुमच्या उंचीचा प्रश्न सोडवायचा माझा उपाय वेगळा आहे. मूळ साच्याचा फोम काढायचा आणि त्याच्या खाली, फोम आणि स्प्रिंगेच्या मध्ये, घट्ट फोमची पाचर घालायची. मागच्या बाजूला तीन-चार सेंटिमीटर, पुढं येत येत शून्य. वरचं वळण कंपनीचंच राहतं, पार्श्वभाग उचलला जातो, गुडघे त्याच्या किंचित खाली जातात आणि सीटची पुढची कड मांडीला रुतायची थांबते. तुमची मांडी बधिर होण्यामागं पाकिटाखेरीज दुसरं कारण हेच असू शकतं. नीट मागं टेकून बसल्यावर गुडघ्यामागची खाच आणि सीटची कड यांच्यात दोन-तीन बोटं मोकळी राहायला हवीत. कमी उंचीच्या माणसाला, आणि आपल्याकडच्या बहुतेक बायकांना, बैठक लांब पडते. मग एकतर कड मांडीत घुसते, नाहीतर माणूस पुढं सरकून बसतो आणि पाठीचा आधार जातो. अशा वेळी पुढची कड आतून थोडी तासून गोल उतरती करून द्यावी लागते. उंच माणसाचं याच्या उलट, त्याची अर्धी मांडी अधांतरी राहते, त्याला पुढं भर घालावी लागते.

एक काम मात्र कुणी सुचवलं तरी करू नका. सीट उचलायला तिच्या बोल्टखाली वॉशर किंवा लोखंडी पट्ट्यांचं पॅकिंग देणं. टक्कर होते तेव्हा सीट, माणूस आणि बेल्टचा सगळा जोर त्या चार बोल्टांवर येतो. तिथं हात घालायचा अधिकार कुशनवाल्याला नाही.

सुरक्षेची आणखी दोन कामं आहेत, ती प्रत्येक गिऱ्हाइकानं माहीत करून घ्यावीत. १ जुलै २०१९ नंतर बनलेल्या कारमध्ये चालक आणि शेजारचा, दोघांसाठी बेल्टची आठवण देणारी सूचना सक्तीची आहे. त्यासाठी डाव्या सीटच्या आत वजन ओळखणारा पातळ सेन्सर असतो. फोम उकलताना तो जागचा हलला किंवा वर जाड थर आला की तो चुकीचं वाचतो. आणि सीटखाली पिवळ्या रंगाचा प्लग दिसला तर तो एअरबॅगच्या वायरिंगचा असतो. बॅटरी सोडल्याशिवाय त्याला हात लावू देऊ नका. बॅकरेस्टच्या कडेला एअरबॅगची छोटी पट्टी शिवलेली असेल, तर त्या बाजूनं बंद शिवलेलं कव्हर घालायचंच नाही. तिथली शिलाई मुद्दाम अशी असते की एअरबॅग फुगताना ती उसवली पाहिजे. साध्या दोऱ्याची दुहेरी टीप मारलेलं जाड रेक्झिन तिला अडवतं.

घसरड्या कव्हरवर जाड मऊ उशी टाकण्याचा धोका तर आरामाच्याही पलीकडचा आहे. बेल्टचा खालचा पट्टा कंबरेच्या हाडांवर बसला पाहिजे. माणूस उशीत रुतून पुढं घसरला की तो पोटावर चढतो, आणि धडकेत हाडांनी सोसायचा मार आतड्यांवर जातो.

कव्हरचं थोडक्यात. जाड, चौकटी-चौकटींची टीप मारलेली रेक्झिनची कव्हरं दिसायला भारदस्त असतात, पण ती कडांचे उंचवटे आणि कंबरेचं वळण बुजवून टाकतात. त्यात ती ताणून बसवली की ढोलकीच्या चामड्यासारखी होतात आणि खालचा चांगला फोमही दबत नाही. मग माणसाला वाटतं फोम कडक आहे. कव्हर घालायचंच तर मधल्या पट्ट्याला, जिथं अंग टेकतं तिथं, ताण घेणारं आणि हवा जाऊ देणारं कापड, आणि कडांना, जिथं चढता-उतरताना घासतं तिथं, रेक्झिन. लाकडी मण्यांची चटई आपल्याकडच्या चालकांची फार लाडकी. उन्हाळ्यात तिनं खरंच घाम कमी होतो. पण फोम बसलेला असेल तर मणी थेट हाडांना टोचतात, आणि ती घसरते. वापरायची तर पाठीला वापरा, बैठकीला नको.

जेलच्या गादीचं विचारलंत. तासाभरासाठी ती गार आणि छान लागते, नंतर अंगाची उष्णता तिच्यातच साठून राहते, आणि उन्हात तापलेल्या गाडीत तर बसायलाच नको होतं. माकडहाडाला मागं खाच असलेली गादी काही जणांना आराम देते, कारण त्या हाडावरचा भार निघून दोन्ही बाजूंच्या बैठकीच्या हाडांवर जातो. घ्यायचीच तर घट्ट फोमची, पातळ आणि तळाला न सरकणारं रबर असलेली घ्या. पण आधी माझं पहिलं सांगणं करा. कंबर गोल करून बसलं की भार माकडहाडावर येतो. बसणं सुधारलं की ते दुखणं बऱ्याचदा आपसूक जातं.

इथं ट्रॅक्टर आणि ट्रकवाल्यांसाठी दोन शब्द लिहिल्याशिवाय राहवत नाही, कारण सगळ्यात जास्त सोसतात ते तेच. बसलेल्या माणसाचं धड उभ्या दिशेनं सेकंदाला साधारण ४ ते ८ वेळा हादरणाऱ्या कंपनांना सगळ्यात जास्त साथ देतं, म्हणजे तेवढ्या वेगाचे हादरे अंगात वाढून लागतात. साधा फोम आणि स्प्रिंगेची सीट नेमकी त्याच्या आसपास स्वतःही डुलते, त्यामुळं नुसता फोम वाढवून हे हादरे कमी होत नाहीत, कधीकधी वाढतात. ट्रकच्या सस्पेन्शन सीटमध्ये स्प्रिंग किंवा हवेचा फुगा आणि शॉकअब्सॉर्बर मिळून अख्खी सीट सेकंदाला एक-दोन वेळा अशी संथ हलेल हे बघितलेलं असतं, म्हणून ती उपयोगी पडते. ट्रॅक्टरला तर मागच्या चाकांना बहुधा स्प्रिंगच नसते, सीटची स्प्रिंग हीच काय ती मधली ढाल. त्या सीटला चालकाच्या वजनाप्रमाणं फिरवायची एक मूठ किंवा नॉब असतो. गळिताच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्या ओढत कारखान्याच्या रांगेत रात्र काढणारी पोरं येतात, त्यातल्या बहुतेकांनी तो नॉब कधी फिरवलेलाच नसतो. पन्नास किलोचं पोरगं नव्वद किलोला लावलेल्या सीटवर बसलं तर स्प्रिंग हलतच नाही, आणि जड माणूस हलक्याला लावलेल्या सीटवर बसला तर प्रत्येक खड्ड्यात ती तळाला आपटते. तो नॉब साफ करा, ग्रीस द्या, वजनाला लावा. याला पैसे पडत नाहीत.

कारलाही हेच लागू आहे. तुमच्या गाडीचे शॉकअब्सॉर्बर कधी तपासलेत? टायरमध्ये हवा किती? चालकाच्या दाराच्या खांबावर स्टिकर असतो, त्यावरचा आकडा गार टायरला पाहिजे. मायलेजसाठी हवा जास्त ठासून भरलेल्या गाडीत बसून सीट कडक आहे म्हणणारे पुष्कळ. सातारा ते कागल सहापदरीच्या कामात जिथं जिथं रस्ता वळवलाय, तिथं गेलेल्या शॉकअब्सॉर्बरची गाडी कंबरेचा भुगा करते. सीटवर पैसे घालण्यापूर्वी मेकॅनिकला ते बघायला सांगा.

जुनी गाडी घेणाऱ्यांसाठीही एक गोष्ट सांगून टाकतो. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या पुरात आपल्या भागातल्या कितीतरी गाड्या पाण्यात होत्या. फोम गाळाचं पाणी पितो आणि वरून वाळल्यासारखा दिसला तरी आत ओल आणि बुरशी धरून ठेवतो. पुराचा फोम धुवून वापरायचा नसतो, टाकायचाच असतो. कव्हरची झिप उघडून फोमच्या खालच्या अंगाला वास घ्या, रुळांच्या खाचेत वाळलेली माती आहे का बघा, स्प्रिंगा आणि पाठ मागं-पुढं करायच्या खटक्याचे दाते गंजलेत का तपासा. गंजलेला खटका धडकेत सुटू शकतो.

आणि कितीही चांगली सीट असली तरी शरीर हललं पाहिजे. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यातच लिहिलेलं होतं की पाच तासांपेक्षा जास्त सलग काम नको, मध्ये निदान अर्धा तास विश्रांती हवी. ती शेवटची मर्यादा समजा. तुमच्यासारख्यानं दोन तासांत एकदा उतरावं. कोल्हापूर-पुणे साधारण २३० किलोमीटर आहे. कराड-साताऱ्याच्या मध्ये एकदा आणि खंबाटकी उतरल्यावर एकदा, दहा-पंधरा मिनिटं. उतरून चहा पीत पुन्हा बाकड्यावर बसू नका. चाला, टाचा उचला, कंबरेवर हात ठेवून मागं वाका. गाडीत असताना तासाभरानं बॅकरेस्ट एक खटका मागं किंवा पुढं करा. तेवढ्यानंही भार दुसऱ्या स्नायूंवर जातो. हे मात्र गाडी थांबवून.

सीटवाल्याच्या हातात नसलेली दुखणी कोणती तेही लिहितो. कळ गुडघ्याच्या खाली पावलापर्यंत उतरत असेल, पाय उचलताना जोर कमी वाटत असेल, तर अस्थिरोगतज्ज्ञांकडे जा. मांड्यांच्या मधली जागा बधिर झाली किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर त्याच क्षणी हॉस्पिटल गाठा. लांब प्रवासानंतर एकाच पोटरीला सूज आणि दुखणं आलं तर तेही थांबून बघायचं नाही, कारण शिरेत रक्ताची गुठळी असू शकते.

आता तुमच्या गाडीचं. पुढच्या खेपेआधी सगळ्या उश्या आणि शक्य झालं तर कव्हरही उतरवा, पाकीट खिशातून काढा, वर लिहिल्याप्रमाणं सीट लावा आणि कंबरेला टॉवेलची गुंडाळी घ्या. रस्ता दिसायला अडचण येत असेल तर तात्पुरती म्हणून घडी केलेली चादर फक्त पार्श्वभागाखाली ठेवा, मांडीखाली नाही, आणि ती घसरत नाही ना हे गाव सोडण्याआधी तपासा. त्या एका खेपेत कंबर कुठं धरते आणि मांडी बधिर होते का ते लक्षात ठेवा. मांडी सुटली आणि कंबर सुधारली तर फक्त पाचर आणि कंबरेचा आधार आतून बसवून घ्या, अर्ध्या दिवसाचं काम आहे. तरीही एका बाजूला कलल्यासारखं वाटलं तर स्प्रिंगा तपासून घ्या. नळीच टोचायला लागली तरच फोमला हात घाला.

कुणाकडूनही काम करून घ्या, पण समोर उभं राहून करून घ्या. फोम लावल्यावर कव्हर कायमचं आवळण्याआधी एकदा सीट गाडीत बसवून, बोल्ट पूर्ण आवळून, स्वतः बसून बघा आणि शिरोलीच्या पुलापर्यंत चक्कर मारून या. कव्हर आवळणाऱ्या तारेच्या कड्या एकदा दाबल्या की पुन्हा उकलायला कारागीर कुरकुर करतो, म्हणून हे आधीच ठरवून घ्या. आणि मूळ फोमचा जो काही तुकडा निघेल तो दुकानात सोडून येऊ नका. पुण्याच्या दोन-तीन खेपा होईपर्यंत घरी ठेवा. नवं काम अंगाला मानवलं नाही तर त्याच मापावरून पुन्हा सगळं जुळवता येतं.